फनेलच्या आड

लॅपटॉपच्या पडद्यावर ‘चार मिनिटं शिल्लक’ असं उमटलं की मेसरूममधला नवखा पोरगा तिथेच खुर्ची ओढून बसतो. जुना माणूस ताट वाढून घ्यायला उठतो. त्याला पुढचं ठाऊक असतं. थोड्याच वेळात त्या चारांची अकरा मिनिटं होतात, अकराचे दोन तास, मग एकदम एक दिवस, आणि शेवटी आकडा नाहीसा होऊन तिथे नुसती आडवी रेघ उरते. निळी पट्टी जिथल्या तिथे. संगणकाला वेळ कळतो थोडाच! गेल्या काही क्षणांत किती आलं ते तो बघतो, उरलेल्याला त्याने भागतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो. येणंच थांबलं की भाजक शून्याकडे सरकू लागतो आणि चार मिनिटांचा अनंतकाळ होतो. गणित चोख असतं. आत्ता चाललंय तसंच पुढेही चालणार, एवढंच त्यात धरून चाललेलं असतं.

मालवाहू जहाजावर मी इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर म्हणून काम करतो. एवढं लांबलचक नाव जहाजावर कुणी घेत नाही. आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीत मी ‘बत्तीसाब’. चीफ इंजिनियर हा ‘बडासाब’, आणि ज्याला वायर जोडलेली आहे ते सगळं बत्तीसाबचं. त्यामुळे क्रेनच्या मोटरपासून चीफ कुकच्या भट्टीपर्यंत जसं सगळं माझ्या गळ्यात, तसं इंटरनेटही. मोटर बिघडली तर इंजिनरूममधले चारजण कुरकुरतात. नेट बंद पडलं की अख्खं जहाज माझ्या दाराशी येतं, आणि बहुतेक जण दार न वाजवता नुसते समोरून दोनदा जातात.

ब्रिजच्या छपरावरच्या डेकला आम्ही मंकी आयलंड म्हणतो. तिथे पांढरा, घुमटासारखा डोम असतो. बंदरातून बघणाऱ्याला ती पाण्याची टाकी वाटते. ट्रान्समीटर बंद करून, खालचं झाकण काढून आत डोकं घातलं की जेमतेम मीटरभर व्यासाची डिश दिसते आणि तिच्या मोटरांची बारीक कुरकुर ऐकू येते. भर समुद्रात हे दृश्य बघण्यासारखं असतं. डिश सारखी डुलतेय, उजवीकडे कलतेय, पुन्हा सावरतेय, असं वाटतं. प्रत्यक्षात डुलतोय आपण, डोम आणि त्याखालचं सगळं जहाज. डिश तेवढी आभाळातल्या एका ठिपक्यावर नजर रोखून स्थिर आहे. आत गरम होतं, ग्रीसचा वास येतो, मान अवघडते. तरीही मी तिथे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ रेंगाळतो.

तो ठिपका विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. एवढ्या उंचीवर उपग्रहाचा फेरा आणि पृथ्वीचा फेरा जुळतात, त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो जागचा हलत नाही. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात हे मांडलं तेव्हा आभाळात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. कल्पना नामी. तिची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. प्रकाश कितीही धावला तरी आमच्या डिशपासून वर उपग्रहापर्यंत आणि तिथून खाली जमिनीवरच्या केंद्रापर्यंत पोचायला त्याला पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. मधल्या यंत्रांचा वेळ धरला की सहाशे-सातशे मिलिसेकंद. डोळा मिटून उघडायलाही याच्या निम्मा वेळ पुरतो.

एवढ्याशा वेळाने काय बिघडतं, ते घरी फोन लावल्यावर कळतं. मी विचारतो, “कशी आहेस?” पलीकडे शांतता. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडतो आणि नेमकं तेव्हाच पहिल्याचं उत्तर येऊन धडकतं. मग दोघंही थांबतो. दोघंही एकदम, “बोला ना,” “तू बोल.” पुन्हा दोघंही थांबतो. आई तर सुरुवातीला दर वाक्यानंतर विचारायची, “अरे, ऐकतोयस ना?” मी ऐकतच असायचो. माझं ‘हो’ तेव्हा वाटेवर असायचं. पण माणसाच्या कानाला अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे अंतर आहे हे समजत नाही. त्याला ती नाखुशी वाटते. “आज तुमचा मूड दिसत नाही,” असं बायको म्हणते तेव्हा तिला छत्तीस हजार किलोमीटरचा हिशोब कोण सांगणार? सांगून बघितलाय. ती म्हणाली, “बरं.” तेही अर्ध्या सेकंदाने.

यंत्रांची तऱ्हाही हीच. इंटरनेटवरची फाइल एकसंध येत नाही. तिचे तुकडे होऊन पॅकेटं येतात. पाठवणारा काही पॅकेटं पाठवतो आणि पोच येण्याची वाट बघतो. पोच आली की पुढची पाठवतो, आणि सगळं सुरळीत दिसलं तर दर खेपेला थोडी जास्त. पोच आली नाही तर तो एकच अर्थ काढतो: रस्त्यात गर्दी झाली. मग तो पाठवणं कमी करतो, थांबतो, तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, आणि तरीही काही आलं नाही तर दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतो. पडद्यावर जी पट्टी गोठलेली दिसते, तिच्या मागे बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. दोन्ही टोकं जिवंत असतात आणि दोघंही समोरच्याच्या बोलण्याची वाट बघत बसलेले असतात.

शांततेचा हा अर्थ लावायला त्यांना माणसांनीच शिकवलं, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी अचानक मंदावली. दोन्ही जागांमध्ये अंतर चारशे यार्डांचं. सेकंदाला ३२ हजार बिट जाणाऱ्या त्या वाटेवरून जेमतेम ४० बिट जाऊ लागले. पोच येत नाही म्हणून जो तो तेच तेच पुन्हा पाठवत होता, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी मायकल कॅरल्स यांच्यासोबत यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये तो निबंधरूपात मांडला. उपायाचं सार एवढंच, की समोरून उत्तर आलं नाही तर आवाज चढवू नका, स्वतः जरा मागे सरा. आज जगातली बहुतेक यंत्रं कमीजास्त फरकाने हा सभ्यपणा पाळतात. हा नियम चारशे यार्डांवर घडला. भर समुद्रात, पावसात, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर त्याला पोच हरवल्याचं एकच कारण माहीत असतं, गर्दी. पॅकेट पावसात विरघळलं, फनेलच्या, म्हणजे जहाजाच्या धुराड्याच्या, लोखंडावर आपटलं, की वळसा घालून येतच आहे, हे त्याला ओळखता येत नाही. तो आपला आदबीने मागे सरत राहतो.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा. त्याचे आजोबा इंग्रजांच्या आगबोटीवर कोळसा ओढायला होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक घरांचं मीठमिरची तेव्हा मुंबईच्या गोदीतून, नाहीतर त्याहूनही लांबून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायचं. फॉर्मचा तळचा तुकडा म्हणजे पोच. पैसे मिळाल्यावर घरचं माणूस त्यावर सही किंवा अंगठा करायचं आणि तो तुकडा पोस्टाने उलट पाठवणाऱ्याकडे जायचा. बोसन सांगतो, आजीला लिहिता येत नव्हतं, पण आजोबांना तिचा अंगठा ओळखता यायचा. शाई जास्त लागलेली असली की घाईत असेल, फिकी असली की पोस्टमनची दौत सुकलेली. पावसाळ्यात खाड्या फुगल्या की पोच दोन-दोन महिने यायची नाही. मग आजोबा बंदराबंदरावर पत्राची चौकशी करायचे, आणि पुढची मनीऑर्डर करावी की थांबावं या घोळात पडायचे. थांबले तर घर उपाशी, पाठवली आणि मधेच गहाळ झाली तर कष्टाचे पैसे गेले. बोसनने हे मला मंकी आयलंडवर माझ्यासाठी शिडी धरून उभं असताना सांगितलं. मी तेव्हा आत मोटरचा पट्टा तपासत होतो. पोच आली नाही की पाठवणाऱ्याची होणारी घालमेल मला इतकी नेमकी कुठल्याही मॅन्युअलात वाचायला मिळालेली नाही.

डाउनलोड अडलं की मी काय बघतो? आधी एकाचं अडलंय की सगळ्यांचं. एकाचंच असेल तर त्याच्या मशीनकडे बघायचं. सगळ्यांचं असेल तर मोडेमचे दिवे बघायचे, मग डिशच्या कंट्रोलरचा पडदा: ती कुठल्या दिशेला, किती अंश वर बघतेय, सिग्नल किती आहे. दिवे हिरवे आणि सिग्नल भरपूर असला, तर जमिनीवरच्या सर्व्हरला पिंग करून हाक मारायची. हाकेला ओ आली, सहाशे ऐंशी मिलिसेकंदांनी का होईना, तर वाट मोकळी आहे. आणि तरीही डाउनलोड हलत नाही, तिथून खरी गंमत सुरू होते.

एकदा असंच झालं होतं. हाकेला ओ येत होती, पण कधी पाऊण सेकंदाने, कधी चार सेकंदांनी. उतरायची लाइन जवळजवळ रिकामी, पण चढायची तुडुंब. शोधत गेलो तो बीडच्या कॅडेटपाशी पोचलो. पोराने समुद्र पहिल्यांदाच बघितलेला. नाळेपुढे उड्या मारणाऱ्या डॉल्फिनांचे त्याने तासातासाचे व्हिडिओ काढले होते, आणि त्याचा फोन ते आपणहून, न विचारता, क्लाउडवर चढवत बसला होता. आमची चढायची लाइन मुळातच अरुंद. ती डॉल्फिनांनी भरून गेल्यावर बाकीच्यांच्या पोचा मागे अडकल्या. पोच पोचेना म्हणून किनाऱ्यावरचे सर्व्हर मागे सरले, आणि जहाजावर येणारं यायचं बंद झालं. खाली उतरायला वाट मोकळी असूनही काही उतरेना, कारण ‘मिळालं’ एवढा एक शब्द वर जाऊ शकत नव्हता. कॅडेटचा चेहरा एवढासा झाला. “सर, मी तर काहीच डाउनलोड करत नव्हतो,” तो म्हणाला. ते खरंच होतं. बॅकअप थांबवला, आणि मिनिटभरात मेसमधून आरोळी आली.

दुसरा एक प्रकार याहून चकवा देणारा. पानं उघडतात, मजकूर दिसतो, मेलच्या विषयाच्या ओळी उतरतात; पण मेल उघडला की चाक फिरत राहतं. लहान ते सगळं येतं, मोठं काहीच येत नाही. एका पॅकेटात साधारण १,५०० बाइट मावतात असं सगळीकडे धरलेलं असतं. पण कंपनीच्या कार्यालयापर्यंत आमची माहिती कुलूपबंद बोगद्यातून जाते आणि त्या बोगद्याची स्वतःची वेष्टणं असतात. भरलेल्या पॅकेटावर वेष्टण चढलं की ते मधल्या एखाद्या दारात मावत नाही. दाराने खरं तर ‘जरा लहान पाठव’ असा निरोप उलट धाडायचा असतो. पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी नेमके तेच निरोप बंद केलेले असतात. मग दार पॅकेट टाकून देतं आणि गप्प बसतं. पाठवणारा तेच, तेवढंच मोठं पॅकेट पुन्हा पाठवतो. पुन्हा गप्प. नेटवर्कवाले याला ब्लॅक होल म्हणतात.

उपाय साधा, पण चिवटपणाचा. तुकडे न करण्याची ताकीद देऊन निरनिराळ्या आकाराची पॅकेटं पाठवून बघायची. १,४७२ जात नाही, १,४०० जात नाही, १,३५० गेलं, १,३८० गेलं, १,३९० अडलं. असं करत दाराची खरी रुंदी सापडते आणि राउटरला तो आकडा सांगितला की गाडी चालू लागते. यात मला नेहमी एक गोष्ट विलक्षण वाटते. एवढं सगळं अडून राहिलेलं असतं ते केवळ मूठभर बाइटांनी, आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसतो. ‘फार मोठं झालं, जरा कमी कर’ हे सांगायची मुभा ज्याला होती, त्याचं तोंड बांधलेलं असतं. कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर हवापाण्याच्या गप्पा सुरळीत चालतात आणि मोठा विषय निघाला की तो समोरच्यापर्यंत पोचतच नाही, त्याची आठवण होते.

फनेलची गोष्ट सांगायचीच राहिली. सांतोसहून सोयाबीन भरून आम्ही केप ऑफ गुड होपला वळसा घालायला निघालो होतो. जहाजाचं नाक जवळजवळ पूर्वेला, जरासं दक्षिणेकडे कललेलं. आमचा उपग्रह दक्षिण अमेरिकेच्या माथ्यावर. जसजसे आम्ही आफ्रिकेकडे सरकलो तसतसा तो मागे, पश्चिमेला, क्षितिजाकडे उतरत गेला. केप जवळ आलं तेव्हा तो जेमतेम वीस अंशांवर होता आणि डिशच्या बरोब्बर पाठीमागे. डिश आणि त्याच्यामध्ये आता आमचंच फनेल उभं होतं, धुराच्या काजळीने काळवंडलेलं, कंपनीचं चिन्ह रंगवलेलं. लाटेने जहाज जरा आडवं गेलं की सिग्नल यायचा, पुन्हा सरळ झालं की जायचा. दहा सेकंद मिळायचे, वीस सेकंद जायचे. पाठवणारा तेवढ्या दहा सेकंदांत कसाबसा धीर गोळा करून वेग वाढवायला लागे तोवर पुन्हा अंधार, आणि पुन्हा तो मागे सरे. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अडली होती ती सेकंड मेटची फाइल: पुढच्या पाण्याच्या नकाशांचं साप्ताहिक अपडेट. कुठे नवा बोया आला, कुठला दिवा विझला, कुठे बुडालेलं जहाज सापडलं, असल्या गोष्टी. आकाराने किरकोळ, पण ती हवीच.

मी कप्तानांना सांगितलं. त्यांनी रडार बघितलं, नकाशा बघितला, आजूबाजूला मैलोन्‌मैल कुणी नव्हतं. मग ते वॉचवरच्या मेटला म्हणाले, “पंधरा अंश डावीकडे घे.” ऑटोपायलटचं बटण फिरलं. थोडा वेळ काहीच होत नाही असं वाटलं. नंतर क्षितिज हळूहळू खिडकीतून सरकू लागलं, आणि पोटात सत्तर हजार टनांच्या वर सोयाबीन असलेलं ते धूड आपली मान वळवू लागलं. कंट्रोलरच्या पडद्यावरचा सिग्नलचा आकडा चढला. फाइल धावायला लागली. आणि मग सगळी वाटच बंद झाल्यासारखी पुन्हा मंदावली, कारण ‘नेट आलं’ ही बातमी तोवर इंजिनरूमपर्यंत पोचली होती आणि प्रत्येकाने खिशातून फोन काढला होता. सेकंड मेटने माझ्याकडे बघितलं. खाली जाऊन बाकीच्यांचं नेट बंद करायचं माझ्या जिवावर आलं. फाइल उतरली, जरा उशिराच. कप्तान तोवर ब्रिजच्या पंखावर उभं राहून स्वतःच्या फोनवर नातीचा फोटो उघडायची वाट बघत होते. त्यांनी जहाज लगेच मूळ दिशेला आणायला सांगितलं नाही, हे मी लॉगबुकात लिहिलेलं नाही.

विषुववृत्ताजवळच्या पावसात तर अशी मान वळवूनही भागत नाही. आमची डिश ज्या लहरींवर बोलते त्या लहरी थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. समोर करडा पडदा दिसला की कंट्रोलरकडे बघायची गरज नसते. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे, आणखी एक गंमत होते. ठरावीक दिवस, ठरावीक वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं डिशला सूर्याच्या कोलाहलापुढे उपग्रहाची कुजबुज ऐकूच येत नाही. यावर उपाय नाही. चहा करावा आणि सूर्य सरकेपर्यंत थांबावं.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यात. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळजवळ तीस मीटर व्यासाची डिश हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून बसली आणि परदेशचे फोन तिथून येऊ-जाऊ लागले. मामा आम्हा पोरांना कौतुकाने सांगायचे, अमेरिकेतून कुणी शिंकलं तरी आधी ते आपल्या आर्वीला ऐकू येतं. पाहुण्यांत कुणाचा मुलगा परदेशी गेला की मामांना वाटायचं, त्याचा आवाज आपल्या शेताच्या वरून जातो. आज मी मीटरभर डिशची मोटर बदलतो तेव्हा त्या अवाढव्य डिशबद्दल मामांना वाटणारा अभिमान आठवतो. त्यांना कधी परदेशचा फोन आला नाही, पण ते त्या वाटेवर राहत होते.

उपग्रहवाल्यांनी अंतराच्या या दुखण्यावर एक चलाख तोडगा काढलेला आहे. जमिनीवरच्या केंद्रात आणि आमच्या मोडेममध्ये प्रत्येकी एक मध्यस्थ बसवलेला असतो. सर्व्हरने पॅकेट पाठवलं की जमिनीवरचा मध्यस्थ लगेच, आमच्या वतीने, ‘मिळालं’ म्हणून सांगून टाकतो. आम्हाला अजून काहीही मिळालेलं नसतं. पॅकेट नुकतंच आभाळाकडे निघालेलं असतं. पण सर्व्हर खूश होतो, जोमाने पुढचं पाठवतो, आणि ते आमच्यापर्यंत नीट पोचवायची जबाबदारी मध्यस्थ स्वतःवर घेतो. ही पोच खोटीच, पण तिच्यामुळे वाट चालू राहते. माहिती कुलूपबंद बोगद्यातून जात असेल तर मध्यस्थाला आत काय चाललंय ते दिसत नाही, त्याला खोटं बोलता येत नाही, आणि वेग पुन्हा बैलगाडीचा होतो.

जहाजांवरून फोन दुर्मीळ होते त्या काळी आमच्या आळीतली एक काकू हेच करायची. मुलगा बोटीवर. कुणीही विचारलं, “काय म्हणतो?” की ती बेधडक सांगायची, “बरा आहे. परवाच खुशाली आली.” पत्र आलेलं नसायचं. ते वाटेवर असेल, या भरवशावर तिने आधीच पोच दिलेली असायची, आणि पुढे पत्र आलं की तिचं बोलणं मागाहून खरं व्हायचं. तिने जर दर वेळी खरं सांगितलं असतं, तर विचारणाऱ्यांनी हळूहळू विचारणं कमी केलं असतं. नेटवर्कच्या प्रशिक्षणात मध्यस्थाची आकृती फळ्यावर बघितली तेव्हा ती मला अजिबात अवघड गेली नाही.

अर्धवट राहिलेल्या फाइलीही आता पूर्वीइतक्या वाया जात नाहीत. एके काळी नव्वद टक्के उतरून तुटलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. हल्ली चांगला डाउनलोडर सर्व्हरला सांगतो, अमुक बाइटपर्यंत माझ्याकडे आहे, तिथून पुढचं दे. सर्व्हरला ते मान्य असेल तर उत्तर ‘२०६’ या क्रमांकाने येतं, म्हणजे हा एक भाग. अर्धी फाइल शेपटीला वेगळं नाव लावून डिस्कवर पडून असते; उघडता येत नाही, पण टाकायचीही नसते. आम्हा जहाजवाल्यांच्या संसाराला ही सोय फार ओळखीची. सुट्टीवर घरी गेलं की मागल्या खेपेला जिथे तुटलं तिथून पुढे चालू करायचं. कधी पलीकडचा म्हणतो, चालेल. कधी म्हणतो, नाही, पहिल्यापासून.

आता दिवस पालटतायत. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास, घोळक्याने फिरतात. एक मावळायच्या आत दुसरा हात धरतो. छपरावर सपाट, बिनमोटरची पाटी बसते, आणि हाकेला ओ पन्नास मिलिसेकंदांच्या आत येते. खलाशांसाठी इंटरनेटची सोय करणं आता सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारातही आलंय. ती दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. मी गेल्या खेपेला ज्या जहाजावर होतो तिथे पाटी बसवलेली होती. मेसरूममध्ये पट्टीभोवती कुणी जमत नव्हतं. जो तो आपल्या केबिनमध्ये. माझ्या दारासमोरून कुणी दोनदा गेलं नाही.

घरी फोन लावला, तर आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. वाक्यावर वाक्य आदळत नव्हतं. “बोला ना,” “तू बोल” करायचं कारणच उरलं नव्हतं. मी विचारलं, “कशी आहेस?” आणि उत्तर लगेच आलं नाही. सवयीने मी मनातल्या मनात पाव सेकंद जायचा, पाव सेकंद यायचा मोजला, आणि मोजून संपल्यावर लक्षात आलं, की या शांततेत आता उपग्रह नाही, पाऊस नाही, फनेल नाही. तिला काहीतरी बोलायचं असेल आणि ती शब्द शोधत असेल. किंवा नसेलही बोलायचं. पूर्वी प्रत्येक गप्प राहण्यातलं निम्मं तरी आभाळाच्या खात्यावर टाकता येत होतं. आता सगळं आमच्या दोघांच्याच खात्यावर. ते कसं तपासायचं, आधी कुठला दिवा बघायचा, हे मला अजून शिकायचं आहे.